लगून म्हणजे खाजण का? नेमका शब्द हवा आहे

पाणथळ

मंडळी, ओडिशातल्या चिलिकेवर शाळकरी मुलांसाठी एक छोटी मराठी पुस्तिका करतोय. पक्षी झाले, मासेमारी झाली, डॉल्फिन झाले. गाडी अडलीये ती पहिल्याच वाक्यावर. "चिलिका हे भारतातलं सर्वांत मोठं लगून आहे." यातल्या लगूनला मराठीत काय लिहायचं?

शाळेच्या भूगोलात आपण 'खाजण' शिकलो. कोशांत 'खारकच्छ' सापडतो, पण तो मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. वर्तमानपत्रं 'चिलिका सरोवर' लिहून मोकळी होतात. सहलीच्या जाहिरातीत 'बॅकवॉटर' असतं. एका जुन्या लेखात तर चक्क 'खाडी' दिसली.

मला लगून समजलंय ते असं: किनाऱ्यालगतचं उथळ पाणी, जे समुद्रापासून अडवलं गेलंय पण पुरतं तुटलेलं नाही. अडवणारी वाळू असेल, जशी चिलिकेला आणि पुलिकतला. (पुलिकत आणि बंगालचा उपसागर यांच्या मधला आडोसा म्हणजे श्रीहरिकोटा, जिथून इस्रोची रॉकेट उडतात.) किंवा अडवणारं प्रवाळ असेल, जसं लक्षद्वीपला. तिथली जमीन सगळी मिळून जेमतेम ३२ चौरस किलोमीटर, आणि प्रवाळाच्या कड्यांच्या आतलं पाणी सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर! पाण्याला आत-बाहेर करायला एक किंवा अनेक मुखं असतात, आणि सगळं त्या मुखांवर अवलंबून असतं.

चिलिकेचंच बघा. वाळू सरकत गेली, समुद्राकडची वाट लांबली, गाळाने भरली. आतलं पाणी गोडं होत चाललं, पाणवनस्पती माजल्या, मासळी घटली. १९८१ मध्ये रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय करारानं महत्त्वाच्या ठरवलेल्या पाणथळींच्या यादीत) आलेली ही जागा १९९३ मध्ये त्याच कराराच्या, बिघडत चाललेल्या पाणथळींच्या यादीत गेली. मग सप्टेंबर २००० मध्ये वाळूचा दांडा कापून नवं मुख उघडलं. खारटपणा परत आला, मासे-कोळंबी-खेकडे परत आले आणि २००२ मध्ये चिलिका त्या यादीतून बाहेर पडलं. 'सरोवर' म्हटलं की मुलांना चहूबाजूंनी बंद पाणी दिसणार. चिलिकेचं मुख बंद होणं हेच तर तिथलं संकट होतं! म्हणून सरोवर मला नको आहे.

जाणकारांनी मदत करावी. छपाईला अजून वेळ आहे.

पूर्वतयारी

यात अडचण काय आहे कळलं नाही. स्पर्धा परीक्षांच्या सगळ्या पुस्तकांत लगून म्हणजे खाजण. चिलिका खाजण, पुलिकत खाजण, वेंबनाड खाजण. मुलांना पुढे परीक्षेत तोच शब्द लागणार आहे, तोच लिहा.

खारेपाटी

अडचण आहे, आणि ती साधी नाही. मी अलिबागकडचा, खारेपाटातला. आमच्याकडे खाजण हे पाणी नव्हेच, ती जमीन आहे.

खाडीच्या कडेची, भरतीला पाण्याखाली जाणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची, तिवरांची जमीन म्हणजे खाजण. तिला बांध घालून, समुद्र बाहेर ठेवून भाताखाली आणली की ती झाली खार. महसुली कागदांतही 'खाजण जमीन' असंच असतं. आता या जमिनीच्या नावानं चिलिकेच्या पाण्याला हाक मारायची म्हणजे काय करायचं आम्ही?

ही जमीन कशी राहते ते जरा सांगतो, कारण पुस्तकात ते कुठेच येत नाही. बांध मातीचा. त्याच्या पोटात उघाडी, म्हणजे पाणी सोडायची वाट, आणि तिच्या खाडीकडच्या तोंडाला लाकडी झडप. भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की झडप आपोआप घट्ट बसते. ओहोटी लागली की शेतात साठलेलं पावसाचं पाणी आतून रेटतं, झडप उघडते, पाणी खाडीत जातं. कोणी उभं राहून उघडझाप करायची गरज नाही. पावसाच्या पहिल्या पाण्यानं जमिनीतला खारटपणा धुऊन उघाडीतून बाहेर काढायचा आणि मगच भात. भातही साधं चालत नाही. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं खाऱ्या जमिनीत तगणाऱ्या जाती मुद्दाम काढल्यात, त्यांना नावंच 'पनवेल-१', 'पनवेल-२' अशी आहेत.

उधाणाला बांध फुटला की त्याला खांड जाणं म्हणतात. खांड वेळेत बांधली नाही तर दिवसाला दोनदा खारं पाणी शेतात येतं आणि भात तर जातंच, पण जमीन पुढची काही वर्षं धरत नाही. थोड्याच वर्षांत तिवरं उगवतात. मग ती जमीन पुन्हा शेतीखाली आणणंही कठीण, कारण तिवरांना कायद्याचं संरक्षण आहे. त्या संरक्षणाबद्दल तक्रार नाही. तक्रार वेळेवर न बांधलेल्या खांडीबद्दल आहे.

हे बांध गावानं मिळून राखायचे, गाळ-माती घालायची, अशी पिढ्यांची वहिवाट. याच भागात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरीचा शेतकरी संप झाला, १९३३ ते १९३९, सलग सहा वर्षं. १९४८ चा मुंबई खार जमीन कायदा आणि १९७९ चा महाराष्ट्र खार जमीन विकास कायदा हे दोन्ही या जमिनीसाठीच आहेत. इतकं सगळं ज्या शब्दामागे उभं आहे, तो शब्द पाठ्यपुस्तकानं उचलून दुसऱ्याच वस्तूला दिला. आमच्या गावातली मुलं भूगोलाच्या तासाला 'खाजण म्हणजे समुद्रापासून अलग झालेलं खाऱ्या पाण्याचं सरोवर' असं लिहून गुण मिळवतात आणि संध्याकाळी खऱ्या खाजणात खेकडे धरायला जातात. दोन्ही खाजणं वेगळी हे त्यांना कोणी सांगत नाही.

पाणथळ, कृपया पुस्तिकेत खाजण लिहू नका.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. झडपेबद्दल पहिल्यांदाच वाचलं.

मांडवीकाठ

खारेपाटी यांच्याशी शंभर टक्के सहमत. गोव्यातही खाजन म्हणजे शेतजमीनच. तुमची उघाडी ती आमची मानस, काम हुबेहूब तेच. खाजनात पावसाळ्यात कोरगुट भात, ते खाऱ्या मातीत तग धरतं. उरलेल्या वेळात मानशीपाशी मासळी. पूर्वी हे बांध आणि मानशी गावकारी सांभाळायची, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांची सामाईक व्यवस्था, पोर्तुगीज अमलात जिला कोमुनिदाद म्हणू लागले. मानशीच्या मासळीचा लिलाव व्हायचा, त्या पैशातून बांधांची डागडुजी. लिलाव आजही होतो, पण पैसा बांधाकडे वळतोच असं नाही, आणि जास्त मासळीच्या लोभानं झडप नको तेव्हा उघडी ठेवली की खारं पाणी शेतात शिरतं. आमच्या बाजूला अशी पडीक झालेली शेतं डोळ्यांसमोर आहेत.

एक मुद्दा मात्र कोणी मांडला नाही. ६ जानेवारी २०११ ची किनारपट्टी नियमन क्षेत्राची केंद्र सरकारची अधिसूचना इंग्रजीत आहे. भरती-ओहोटीचा परिणाम होणारी पाण्याची ठिकाणं कोणती हे सांगताना तिच्यात उपसागर, नदीमुखं, खाड्या यांच्या रांगेत 'लगून' येतं. आणि गोव्यासाठीच्या खास तरतुदींमध्ये 'खाजन जमिनी' येतात: त्या राखायच्या, त्यांचा व्यवस्थापन आराखडा करायचा, तिथे विकासकामं करायची नाहीत. म्हणजे एकाच कागदात लगून हे पाणी आणि खाजन ही जमीन, दोन्ही वेगवेगळे. इंग्रजीला आपला शब्द घ्यावा लागला, कारण त्या वस्तूला त्यांच्याकडे शब्द नव्हता.

आता या अधिसूचनेचं मराठी करताना कोणी पाठ्यपुस्तक समोर ठेवलं तर लगूनलाही खाजण आणि खाजनलाही खाजण! कोणत्या खाजणात बांधकामाला बंदी आहे हे मग कोण ठरवणार?

तिवर

भूगोल शिकवते, म्हणून दोन शब्द.

लगून हा शब्द इंग्रजीत आला तो व्हेनिसवरून. इटालियन 'लगूना', त्यामागे लॅटिन 'लकूना' म्हणजे खड्डा, डबकं, मोकळी जागा. हस्तलिखितातल्या गाळलेल्या जागेलाही इंग्रजीत लकूना म्हणतात, तो याचाच भाऊ. मुळात शब्द वाळूच्या दांड्यांमागच्या पाण्याचा. युरोपची जहाजं पॅसिफिकमध्ये पोचली आणि प्रवाळबेटांच्या आतल्या शांत पाण्यालाही तोच लागू झाला. डार्विन १८४२ मध्ये प्रवाळद्वीपांवर लिहितो तेव्हा 'अटॉल' आणि 'लगून-बेट' हे दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरतो. आज रुळलेला 'अटॉल' हा शब्द मालदीवच्या धिवेही भाषेतला.

वर्गात मी लगून आणि खाडी अशी वेगळी करून सांगते. नकाशावर पाणी किनाऱ्याला समांतर पसरलेलं दिसलं तर बहुधा लगून, किनाऱ्याला काटकोनात आत घुसलेलं दिसलं तर बहुधा खाडी. आपल्या कोकणातल्या खाड्या म्हणजे नद्यांची बुडालेली दरीमुखं. बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री. शेवटच्या हिमयुगानंतर समुद्राची पातळी चढली आणि पाणी दऱ्यांतून आत शिरलं. चिलिका आणि वेंबनाड आडवी पसरलीत, कारण तिथे लाटा आणि किनाऱ्यालगतचे प्रवाह वाळू वाहून नेत लांबच लांब दांडा घालतात.

मग महाराष्ट्राला चिलिकेसारखं एकही लगून का नाही, असा प्रश्न मुलं विचारतातच. एक कारण किनाऱ्याचं खडकाळपण: दर थोड्या अंतरावर डोंगराची सोंड समुद्रात जाते, वाळूला लांब दांडा करायला सरळ जागाच मिळत नाही. दुसरं कारण भरती. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, कोचीला तो जेमतेम मीटरभर असतो. इतकं पाणी रोज दोनदा आत-बाहेर करणाऱ्या किनाऱ्यावर वाळूचा सलग आडोसा टिकत नाही, पाणी त्याला ठिकठिकाणी फोडतं. जगातली मोठी वाळूची लगूनं बहुतेक कमी भरतीच्या किनाऱ्यांवर सापडतात. व्हेनिसलाही फरक साधारण मीटरभराचाच.

व्हेनिसचा इतिहास तर पुस्तिकेत चौकट करून द्यावा असा आहे. लगून गाळानं भरून जाऊ नये म्हणून व्हेनिसच्या प्रजासत्ताकानं ब्रेंटा, पियावे, सिले या नद्यांची तोंडंच वळवली आणि त्यांना लगूनबाहेर समुद्रात सोडलं. शहर पाण्यानं वेढलेलं राहिलं, तेच त्याचं संरक्षण होतं. आता उलटं संकट आहे. १९६६ मध्ये पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढलं, नोव्हेंबर २०१९ मध्ये १८७. म्हणून लिडो, मालामोको आणि कियोज्जा या तिन्ही मुखांत मिळून ७८ पोलादी झडपा बसवल्यात. एरवी त्या तळाशी पडून असतात. मोठी भरती येणार असली की हवा भरून वर उचलतात. ३ ऑक्टोबर २०२० रोजी त्या पहिल्यांदा खऱ्या भरतीसमोर उभ्या केल्या आणि शहर कोरडं राहिलं. पण त्या वारंवार आणि फार वेळ बंद ठेवल्या तर आतल्या पाण्याचा श्वास कोंडतो, हीही चिंता तिथे आहेच. चिलिकेत मुख उघडावं लागलं, व्हेनिसला मिटावं लागतंय.

शब्दाबद्दल माझं मत: लगूनच ठेवा.

बोरू

मतभेद नोंदवतो. शब्दांचे अर्थ पसरतात, ते थांबवता येत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलांनी खाजण म्हणजे लगून असं शिकलंय, आता तोही अर्थ मराठीत रुजला आहे. शिवाय प्रत्येक वेळी इंग्रजी शब्द आहे तसा उचलायचा तर परिभाषा घडवायला बसलेल्या लोकांनी केलं काय? 'खारकच्छ'ला संधी का देऊ नये? कच्छ म्हणजे किनाऱ्याचा पाणथळ भाग, खार म्हणजे खारं. अर्थ उघड आहे.

खारेपाटी

बोरू, अर्थ पसरतात हे मान्य. पण इथे बोलणाऱ्या माणसांकडून अर्थ पसरला नाही, वापरात असलेला शब्द न विचारता दुसरीकडे लावला गेला. आणि जुना अर्थ मेलेला नाही. खाजणात आजही माणसं राबतात, बांधाचे अर्ज करतात, नुकसानभरपाईचे पंचनामे होतात. ज्या दिवशी पंचनाम्यात 'खाजण' वाचून कोणी तरुण अधिकारी 'म्हणजे सरोवर ना?' असं विचारेल, त्या दिवशी अर्थ पसरल्याचं कौतुक मला तरी वाटणार नाही.

खारकच्छला माझा विरोध नाही, तो निदान कोणाचा हिसकावलेला नाही.

मोकावासी

मॉरिशसहून लिहिते. आमच्या घरी मराठी पणजोबांच्या वेळेपासून आहे, त्यामुळे लिहिण्यात चूकभूल द्यावीघ्यावी.

आमच्या बेटाभोवती बहुतेक सगळीकडे प्रवाळाची कड आहे आणि तिच्या आत लगून. क्रिओलमध्ये 'लागों'. इथे हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे: मासेमार लागोंमध्ये जातात किंवा कडेपलीकडे जातात, दोन्हीची होडी वेगळी, धोका वेगळा. गणेश चतुर्थीला इथे सार्वजनिक सुट्टी असते आणि विसर्जनाला आम्ही मूर्ती घेऊन समुद्रात उतरतो, म्हणजे खरं तर लगूनमध्येच उतरतो. कंबरभर पाणी, लाटा नाहीत, लहान मुलंही सोबत येऊ शकतात. पांढऱ्या फेसाची रेघ दूरवर, कडेवर.

२५ जुलै २०२० ला वाकाशियो हे जपानी मालकीचं जहाज आमच्या आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळात रुतलं आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल लगूनमध्ये पसरलं. उघड्या समुद्रात तेल पांगतं, लगूनमध्ये ते आत कोंडून राहतं, तिवरांच्या मुळांत जाऊन बसतं. लोकांनी उसाच्या पाचोळ्याचे लांब लांब बोळे शिवून, पाण्यात सोडून ते अडवायचा प्रयत्न केला, केसही गोळा केले. त्या वेळी भारतातल्या नातेवाइकांना फोनवर सांगताना मी 'लगून' म्हणाले, ते म्हणाले 'म्हणजे खाडी?' मी हो म्हणून विषय पुढे नेला, पण मनात तेव्हापासून आहे की याला घरच्या भाषेत काय म्हणायचं. धाग्याबद्दल आभार.

फुगवटा

अवांतर वाटेल, पण वापराबद्दल धागा आहे म्हणून सांगतो. सांडपाणी खात्यात 'लगून'चा समुद्राशी काही संबंध नाही. उथळ, मोठं तळं खणायचं, त्यात सांडपाणी सोडायचं, वरून यंत्रानं हवा घुसळायची, जिवाणू घाण खातात. मुंबईत वर्सोवा, भांडुप, घाटकोपर इथे अशी लगूनं बांधली गेली. आइसलंडचं प्रसिद्ध 'ब्लू लगून' तर स्वार्त्सेंगीच्या भूऔष्णिक वीज प्रकल्पातून बाहेर सोडलेलं गरम पाणी लाव्ह्याच्या खडकात साठून झालंय. किनाऱ्याचं लगून नव्हेच.

आणि 'बॅकवॉटर' कृपया नको. केरळात तो शब्द कायलसाठी, म्हणजे वेंबनाडसारख्या तिथल्या लगूनांसाठी रुळलाय, पण आपल्याकडे उजनी, पानशेत, पवना इथे बॅकवॉटर म्हणजे धरणाचं मागे चढलेलं पाणी. त्याला फुगवटा हा अस्सल मराठी शब्द आहे. (सदस्यनाम त्यावरूनच घेतलंय.)

पूर्वतयारी

सगळं पटलं. पण माझी परीक्षा जवळ आली आहे. लगूनसमोर खाजण पर्याय आला तर काय करू?

तिवर

खाजणच निवड. उत्तरसूचीत तेच असणार आणि तुझे गुण या वादात जायला नकोत. पण 'खारभूमी' किंवा 'खार जमीन' असा प्रश्न आला तर तो वेगळा विषय आहे हे लक्षात ठेव. मी वर्गात खाजण शिकवताना खारेपाटी यांचा प्रतिसाद वाचून दाखवणार आहे, परवानगी गृहीत धरते.

खारेपाटी

अवश्य, ताई.

पाणथळ

सर्वांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. पहिला परिच्छेद असा करतोय:

"चिलिका हे भारतातलं सर्वांत मोठं लगून आहे. समुद्राच्या लाटांनी आणि प्रवाहांनी किनाऱ्यालगत वाळूचा लांब दांडा घातला आणि त्याच्या मागे हे उथळ पाणी राहिलं. दांड्यातल्या मुखातून समुद्राचं खारं पाणी आत येतं, दुसऱ्या बाजूनं नद्या गोडं पाणी आणतात. शाळेच्या पुस्तकात लगूनला खाजण म्हटलेलं तुम्ही वाचाल. कोकणात आणि गोव्यात मात्र खाजण ही खाडीकाठची, भरतीच्या पाण्याची जमीन असते."

बोरू, खारकच्छ शब्दसूचीत देतो, म्हणजे ज्याला हवा त्याला सापडेल. व्हेनिसची चौकट नक्की. मोकावासी, पाचोळ्याच्या बोळ्यांचा प्रसंग तुमच्या परवानगीनं प्रवाळ लगूनच्या पानावर घेऊ का?

मोकावासी

आनंदानं घ्या.

वाचनमात्र

शेवटी एक शंका. मालवणजवळ देवबागला कर्ली नदी समुद्राला समांतर धावते, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तिवरताईंच्या कसोटीनं ते लगून ठरतं की. तिथल्या पाट्यांवर तर बॅकवॉटर लिहिलेलं असतं.

तिवर

छान उदाहरण काढलंत, म्हणूनच मी 'बहुधा' म्हटलं होतं. देवबागला वाळूच्या दांड्यानं नदीचं तोंड दक्षिणेकडे ढकललंय, त्यामुळे पाणी थोडं अंतर समांतर जातं. पण ते पाणी कर्लीचाच मुख्य प्रवाह आहे, दांड्यामागे पसरून थांबलेलं नाही. पावसाळ्यात नदीचा लोट तिथूनच समुद्राला मिळतो, आणि त्याच दिवसांत समुद्र दुसऱ्या बाजूनं पट्टी खात असतो, देवबागच्या लोकांना ती धास्ती दरवर्षीची आहे. उन्हाळ्यात नदीचं पाणी कमी झालं की खारं पाणी वर चढतं. ही दांड्यानं आडवी झालेली खाडीच, आणि गावातली माणसंही तिला कर्लीची खाडीच म्हणतात.